सात वर्षांवरील सर्वांसाठी

पांडा हसत होता. म्हणजे त्याचं तोंड हसत होतं. डोळ्यांच्या जागी नुसते दोन काळे ठिपके, आणि त्या ठिपक्यांना कुणाशी काही देणंघेणं असल्यासारखं दिसत नव्हतं. टीव्हीच्या पडद्यावर बशीएवढ्या गोलात बसलेला पांडा आणि त्याच्याखाली पांढऱ्या अक्षरांत — आई. शेजारच्या गोलात मुलगा, गॉगल लावलेला, कुठल्याशा डोंगरावरचा. त्याच्या पलीकडे सून. तिनं स्वतःचा फोटो लावला नव्हता, नुसतं एक जांभळं फूल. चाळिशीला टेकलेल्या, पुलांचे आराखडे काढणाऱ्या मुलाला स्वतःच्या आईसाठी एक चित्र निवडायचं होतं आणि त्याचं बोट फिरत फिरत पांडावर येऊन थांबलं... हसला असेल का तो तेव्हा? की जे पहिलं दिसलं ते? घाईतच असणार. हल्ली तो सगळंच घाईत करतो. जीव लावतो तोसुद्धा घाईत.

तिनं रिमोटचं बटण दाबलं.

पडदा उजळला आणि रंगच रंग सांडले — बोलणारी खार, उडणारी बस, केकची स्पर्धा, समुद्राच्या तळाशी काय काय असतं ते, पुन्हा एक खार. वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत : सात वर्षांवरील सर्वांसाठी. तिनं चष्मा सारखा केला आणि पुन्हा वाचलं. सात वर्षांवरील. म्हणजे मी आहे त्यात. बसते मी. सत्तरीला आलेली बाई सात वर्षांवरील असतेच की... तक्रार करायला जागाच ठेवलेली नाही पोरानं.

मग एकेक अक्षर शोधून, उचलून ठेवल्यासारखं ठेवत, तिनं मालिकेचं नाव लिहिलं. चाक गरगरलं. हा कार्यक्रम या प्रोफाइलवर उपलब्ध नाही. आणि खाली, जणू समजूत घालायला, तिसरी खार.

टीव्ही गेल्या आठवड्यात आला होता. भिंतीला भोकं पाडणारा माणूस मिशीतली धूळ झटकत म्हणाला होता, "मजा आहे बुवा मावशी तुमची! स्वतंत्र खोली, स्वतंत्र टीव्ही. आमच्याकडे एका रिमोटवरून रोज हाणामारी." मुलगा मागे उभा होता, खिशात हात घालून. "आता तुला पाहिजे ते, पाहिजे तेव्हा बघ, आई. आमची वाट बघत बसायला नको." ती म्हणाली, "बरं झालं." तोंडातून आपसूक निघून गेलं ते. नवरा गेला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, फार हाल झाले नाहीत. तेव्हाही ती बरं झालं असंच म्हणाली होती. काही शब्द असे दाराशीच उभे असतात, कुणी बेल वाजवली की पहिले बाहेर येतात.

टीव्ही का आला, हे कुणी बोललं नाही. तिघांनाही ठाऊक होतं.

...जेवणं झाली की बाहेरच्या खोलीत सोफ्यावर मुलगा एका टोकाला, सून दुसऱ्या टोकाला आणि मध्ये ती, पाय बुटक्या स्टुलावर. दिवसभरातला तेवढाच वेळ घर घरासारखं वाटायचं. सून विमा कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायची. घरी यायची तेव्हा तिच्या घशात नुसता चुरा उरलेला असायचा. मुलगा जेवतानाही भिंतीकडे बघत कुठला तरी खांब मोजत असायचा. पण ती मालिका लागली की दोघं माणसांत यायची. मालिकेत एक न्यायाधीश बाई होती, कानशिलं पिकलेली, कडक; तिच्यासमोर एक खुनाचा खटला, आणि त्यात एक साक्षीदार — बोटीवरचा जुना मिस्त्री, कमी बोलणारा.

"खुनी तोच," ती म्हणायची.

"आई, तुला प्रत्येक जण खुनी वाटतो."

"वाटणारच. तुला वाढवलंय मी."

आणि सून हसायची, त्या बसक्या आवाजात, खोक्यात खिळे हलवावेत तशी. ते हसणं ऐकायला ती मुद्दाम काहीबाही बोलायची. हे कुणाला माहीत नव्हतं.

मग त्या रात्री न्यायाधीश बाईच्या दारावर मिस्त्री आला. तिनं दार उघडलं. आता हा हिला मारणार, असं वाटून तिघंही पुढे झुकली. पण त्यानं मारलं नाही. दोघं नुसतीच एकमेकांकडे बघत राहिली, आणि मग जे सुरू झालं ते थांबेचना... मुलानं रिमोटवर झडप घातली, रिमोट उशांच्या फटीत गेला, "अरे... हे काय... थांबा हं," करत तो वाकून हात घालत राहिला. सून उठली. "पाणी आणते." कुणालाही पाणी नको होतं. आणि ती — ती बघत राहिली. तिथंच चुकलं. खाली मान घातली असती, जांभई दिली असती, चला मी पडते म्हणाली असती, तर सगळं निभावलं असतं. आयांना येतं ते, तिलाही येत होतं. पण त्या बाईच्या पोटावर ऑपरेशनचा आडवा व्रण होता. दंडाखालचं मांस सैल होऊन लोंबत होतं. आणि ती ते झाकत नव्हती. खोलीतला दिवा चालू होता... दिवा चालू होता, आणि दोघांपैकी कुणीही तो घालवायला उठलं नाही.

मग रिमोट सापडला. पडदा काळा झाला आणि त्या काळ्या काचेत तिघं दिसली : एक पेला धरून उभी, एक ओणवा, आणि मधोमध एक म्हातारी, डोळे मोठे केलेली, पुढे झुकलेली.

"उद्या बघू पुढचं," मुलगा म्हणाला. उद्या त्याला काम निघालं. परवाही. आणि मग भिंतीला भोकं पाडणारा माणूस आला.

तिनं फोन लावला. एरवी दुपारी ती त्याला फोन करत नसे.

"सोन्या, तो कोड काय आहे रे?"

"कसला कोड?"

"टीव्हीचा. आपली ती न्यायाधीश बाई दिसत नाहीये माझ्या... माझ्या पांडात."

पलीकडे कुणीतरी हसलं, खुर्ची सरकली. मग त्याचा आवाज जवळ आला, हळू झाला. "अगं आई, ते... पुढे फार आहे तसलं. मी वाचलं. तुला नाही बघवणार."

मला नाही बघवणार, की तुला माझ्याशेजारी बसून नाही बघवणार? — हे वाक्य पूर्ण तयार होऊन तिच्या जिभेवर आलं होतं. ती म्हणाली, "बरं. जेवलास का?"

"मीटिंग आहे गं. तू तो केकचा बघ ना, मस्त आहे तो."

फोन ठेवल्यावर घर एकदम मोठं झालं. तिनं स्वयंपाकघरात जाऊन आधीच विसळलेला कप पुन्हा विसळला. नाही बघवणार... अरे, मी आयुष्यभर दुसरं काय केलं, सोन्या? इस्पितळात एक्स-रे काढायची ती. लोक फोटो म्हणायचे, आणि तिला फोटोबाई. फोटोबाई आल्या का, फोटोबाई जेवायला गेल्या का. पडद्यामागे माणसं कपडे काढून ढगळ झगा घालायची आणि बाहेर येताना प्रत्येकाचे हात छातीशी. काय काय बघितलं नाही मी! वाळलेली, सुजलेली, भाजून आखडलेली, बाळंतपणांनी ओघळलेली... बायकांची छाती स्वतःच्या हातानं उचलून थंड पट्टीवर नीट मांडायची, तळहात एकमेकांवर घासून ऊब आणून मगच हात लावायचा. आणि बाया माफी मागायच्या. कशाची? अंगाची. पाहुणा अचानक यावा आणि घरात पसारा असावा तसं — माफ करा हं, बाई. ती म्हणायची, असू द्या हो. दिवसभर, असू द्या हो, असू द्या हो. तिला कुणी म्हटलं होतं का कधी?

ती पुन्हा खोलीत आली. तीन गोल. मुलाच्या गॉगलवर बारीकसं कुलूप होतं. जांभळ्या फुलावर नव्हतं.

सुनेच्या खोलीत ती हाक मारल्याशिवाय कधी गेली नव्हती. सून घरात नसताना तर नाहीच, धुतलेल्या कपड्यांची घडीसुद्धा ती दाराबाहेरच्या खुर्चीवर ठेवायची. आता रिमोट हातात धरून ती क्षणभर उभी राहिली आणि रिकाम्या घरात मोठ्यानं म्हणाली, "येऊ का गं?" स्वतःच्याच आवाजानं दचकली. मग बटण दाबलं.

बाहेरच्या टीव्हीवरही तिघं मालिका याच फुलातून बघायची. आत सगळ्यात पुढे न्यायाधीश बाईचाच चेहरा होता, आणि त्याच्याखाली एक तांबडी रेघ. जितकं बघून झालंय तितकी रेघ वाढते, एवढं तिला कळत होतं. ती रेघ तिथंच होती — जिथं मुलानं उशांच्या फटीतून रिमोट ओढून काढला तिथं. केसभरही पुढे सरकलेली नाही.

ती पलंगावर टेकली.

म्हणजे यांनी बघितलंच नाही? आठवडाभर ती अंथरुणात भिंतीकडे कान करून पडत होती. मनात पक्कं धरून की आता दोघं पलीकडे, मधली अडचण गेल्यामुळे जवळ सरकून, आवाज बारीक करून, मोकळेपणी... एकदा तर तिला हसणंही ऐकू आल्यासारखं वाटलं होतं. आणि उशीवर कूस बदलताना तिनं स्वतःला समजावलं होतं, असू दे, त्यांचं वय आहे, मी म्हणजे दातात अडकलेला तुकडा, निघाला की बरं वाटतं. आणि रेघ तर तिथंच. आनंद व्हावा की काय व्हावं तिला कळेना. मग तिथं बसून दोघं करतात काय?

तिनं मालिका सुरू केली. जे सगळ्यांनी मिळून एवढं लपवलं, ते मिनिटभरात संपलंसुद्धा. मागून जे आलं ते मात्र बराच वेळ चाललं : मिस्त्री झोपलेला, न्यायाधीश बाई जागी, छताकडे बघत; झोपेतच त्याचा हात वळला आणि तिच्या पाठीवर पडला. बस. एवढंच. बाई हलली नाही. भर कोर्टात माणसांना गप्प करणारी बाई, तो हात घसरू नये म्हणून अंग चोरून पडून राहिली...

— दोन खोल्या होत्या त्यांच्या, तिच्या आणि नवऱ्याच्या. बाहेर सासूबाई, नंतर मुलगाही. सगळा संसार अंधारात झाला. अंदाजानं, बांगडी दाबून धरत. नवरा जमिनी मोजायचा, उन्हातान्हात साखळी घेऊन फिरायचा. तो तिला तळहातांनी पाठ होता : खांद्याचं टोकदार हाड, पाठीवरचा एक उंचवटा, तीळ असावा. दिसला नव्हता कधी. मग त्याचा खोकला जाईना, तेव्हा तो तिच्याच विभागात आला; रांगेत बाकावर बसला, नंबर आल्यावर पडद्यामागे गेला आणि सदरा छातीशी धरून बाहेर आला. ट्यूबलाइटचा लख्ख उजेड. मान आणि हात जळून काळे, आणि कॉलरच्या रेषेखाली — पांढरा. दुधासारखा. आत कुणीतरी दुसराच माणूस घडी घालून जपून ठेवलेला असावा तसा. सासूबाई गेल्या होत्या, मुलगा शिकायला बाहेर होता, आणि तरी ती हे आज पहिल्यांदा बघत होती. "काय बघतेस?" तो पुटपुटला. "हनुवटी वर," ती म्हणाली. "खांदे पुढे." तळहात घासायला ती विसरली, तो शहारला. "श्वास घ्या. रोखून धरा." अहोजाहो ती त्याला एरवीही करायची, पण हे पेशंटचं अहोजाहो होतं, हे दोघांनाही कळलं. ती काचेमागे गेली आणि तिनं बटण दाबलं नाही. क्षणभर. तो श्वास रोखून उभा आणि ती नुसती बघत — पाठ, तीळ, कंबरेची खोलगट रेघ... नंतर फोटो आला. त्यात फुप्फुसाच्या कडेला जे दिसायचं ते दिसलं, आणि त्या दिवसापासून त्या पाठीकडे पाठ म्हणून बघायचं राहूनच गेलं. तिच्याआड काय आहे, तेच दिसत राहिलं.

तिला रडू आलं नाही. आलं ते काहीतरी वेगळंच होतं, भुकेसारखं. हात कुणी लावला तिला इतक्यात? मुलगा दारातूनच विचारतो, गोळ्या घेतल्यास का. सुनेची बोटं, कप देताना. आणि रक्तदाबाचा तो पट्टा : दंडाला गुंडाळतात आणि तो हळूहळू आवळत जातो, घट्ट, आणखी घट्ट, आणि मग सोडतो. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात ती वरचेवर जाते मोजायला. डॉक्टर म्हणतात, आजी, तुमचं सगळं छान आहे, कशाला एवढ्या फेऱ्या मारता? ती म्हणते, मन राहत नाही हो.

पुढचा भाग आपोआप सुरू झाला होता. तिनं पाय वर घेतले. बाहेर ऊन उतरलं होतं, आणि पडद्यावर पुन्हा ती दोघं, या वेळी काही राखून न ठेवता, दिवा चालूच — आणि तेव्हा तिला जाणवलं की दारात कुणीतरी उभं आहे.

सून. खांद्याला पर्स तशीच.

तिनं धडपडत बंद करायचं बटण शोधलं. अंगठा घसरला आणि आवाज वाढला. न्यायाधीश बाईचा उसासा घरभर झाला. "अगं बाई —" अखेर आवाज गेला. चित्र राहिलं.

"मी तुझ्या... तुझ्या फुलात गेले," ती म्हणाली. "विचारायला हवं होतं."

सुनेनं मान हलवली. बोलली तेव्हा आवाजच नव्हता, नुसती हवा. "घसा पार बसलाय. लवकर पाठवलं." आता ती जाईल, असं वाटलं. ती गेली नाही. पडद्याकडे बघत राहिली. "कुठवर आलंय?"

"तो खुनी नाही."

"आई! सांगू नका ना!" आणि ती हसली, आवाज नसलेलं हसणं, नुसते खांदे हलले.

"तुम्ही दोघांनी बघितलं नाहीत पुढे?"

सून पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिली. "तुम्ही नसलात की हा लॅपटॉप घेऊन आत जातो. मी बसते थोडा वेळ. मग मीपण जाते." जरा थांबून, "एकटीनं काय बघायचं."

"मला वाटलं, तुम्हाला मोकळं वाटेल. मी नसले की."

"मलाही तसंच वाटलं होतं," सून म्हणाली.

खोलीतल्या एकुलत्या खुर्चीवर घड्या घालायचे कपडे होते. सून पलंगाशी आली आणि तिच्याशेजारी बसली. गादी जुनी, मध्ये दबलेली. दोघी उतारावर ठेवलेल्या वस्तूंसारख्या एकमेकींकडे कलल्या, खांद्याला खांदा लागला. दोघींनीही तो सारखा केला नाही. पडद्यावर जे चाललं होतं ते चाललं होतं, निःशब्द, आणि तिनं डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं — सूनही नजर वळवत नव्हती. पोरीचा खांदा गरम होता. तापच असावा तिला. विचारावं का? विचारलं तर उठेल, गोळी घेते म्हणेल.

"लाइट कसा चालू ठेवतात गं?" ती म्हणाली. आपण हे मोठ्यानं म्हणालो, हे नंतर कळलं.

"आँ?"

"लाइट. लाजत नाहीत."

सुनेनं पर्स मांडीवर घेतली. मग त्याच हवेसारख्या आवाजात म्हणाली, "आमच्याकडेही बंदच असतो." आणि थोड्या वेळानं, "हल्ली तर..."

ते वाक्य तसंच राहिलं. तिनं ते उचलून पुढे नेलं नाही. माझाच मुलगा, तिच्या मनात आलं, मीच वाढवलेला; अंधारात, भिंतीपलीकडे झोपलेला, सगळं ऐकू येऊ नये म्हणून आम्ही ज्याच्यासाठी इतकं गप्प राहिलो तो... त्यानं त्यातलं काय ऐकलं असेल? गप्प राहणंच ऐकलं असेल. ते बरोबर घेऊन तो मोठा झाला असेल, हिच्या खोलीपर्यंत आला असेल. त्याचा राग करावा असं तिला दुपारपासून वाटत होतं; आता बघायला गेली तर तो राग जागेवर नव्हता. त्याला हाताला धरून समोर बसवावं आणि सांगावं, असं काहीतरी होतं, पण काय सांगावं त्याला शब्द नव्हते.

बाहेर किल्ली फिरली. बूट काढल्याचा आवाज, एक, मग दुसरा.

"आई? कुणी आहे का घरात?"

दोघींपैकी कुणीही ओ दिली नाही. पावलं बाहेरच्या खोलीत घुटमळली, मग इकडे वळली. पडदा तसाच उघडा, उजेडानं भरलेला. तिनं सवयीनं आत लाज शोधली, ती मिळेना. छातीत धडधडत होतं खरं, पण ते तो बघेल म्हणून नव्हतं. शेजारची उठेल म्हणून होतं. आता ती उठेल, पदराबिदराशी चाळा केल्यासारखी पर्स सावरेल, गादी वर येईल आणि ही ऊब जाईल — एवढीच भीती, स्वच्छ, लहान मुलाची असावी तशी. बसून राहा, ती मनात म्हणाली. बसून राहा गं... आणि हे ती कुणाला म्हणतेय — सुनेला, स्वतःला, की दारापर्यंत येऊन थबकलेल्या त्याला — हे तिचं तिलाच उमगेना.